स्टँटन खुर्ची सोडेनात

२२ फेब्रुवारी १८६८. वॉशिंग्टनमधली सकाळ. जनरल लॉरेन्झो थॉमस अजून न्याहारीलाही बसले नव्हते, तोच दारात अटकेचे वॉरंट येऊन ठेपले. आदल्या रात्री ते मुखवटे घालून नाचायच्या एका समारंभाला गेले होते. त्याआधीचा सगळा दिवस भेटेल त्याला बढाया मारण्यात गेला होता : उद्या युद्धखात्याचा ताबा घेणार, दार उघडले नाही तर फोडणार. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना बडतर्फ करून थॉमस यांना हंगामी मंत्री नेमले होते. स्टँटन यांनी खुर्ची तर सोडली नाहीच, उलट थॉमस यांच्याविरुद्धच फिर्याद ठोकली.

जामिनावर सुटलेले थॉमस तडक युद्धखात्यात पोचले आणि त्यांनी खात्याचा ताबा मागितला. स्टँटन म्हणाले, तुम्ही आपल्या जागी जा आणि आपले काम करा. मी जाणार नाही, असे थॉमस. मी तुम्हाला मंत्री म्हणून काम करू देणार नाही, असे स्टँटन. असे दोन-तीन वेळा झाल्यावर थॉमस शेजारच्या खोलीत गेले; स्टँटनही मागोमाग आले. तेव्हा थॉमस यांनी आपले खरे दुःख सांगितले : पुढच्या वेळी अटक करायची झाली तर निदान माणसाच्या पोटात काही पडू द्या, सकाळपासून घोटभरही मिळालेले नाही. स्टँटन यांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, केसांतून बोटे फिरवली आणि व्हिस्की मागवली. बाटलीत होती तेवढी दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली.

हे सारे नंतर थॉमस यांनीच साक्षीत सांगितले, तेव्हा सिनेटचे सभागृह हसत होते. त्याच सभागृहात देशाच्या अध्यक्षाला पदावरून काढायचे की नाही, याचा निकाल व्हायचा होता. अमेरिकेच्या इतिहासात अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

स्टँटन यांनी कचेरीतच मुक्काम ठोकला. बाहेर पहारा, आत सोफ्यावर झोप. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी त्यांना तार पाठवली, तिच्यात एकच इंग्रजी शब्द होता, अर्थ : चिकटून राहा. स्टँटन तीन महिने चिकटून राहिले.

एका मंत्र्याच्या खुर्चीवरून एवढे रणकंदन का माजले, हे समजायला अध्यक्षांकडे पाहायला हवे.

जॉन्सन हे शिंपी. १८०८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली गावी अठराविश्वे दारिद्र्यात जन्मले. शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. लहानपणीच शिंप्याच्या हाताखाली बांधले गेले, तिथून पळाले; मालकाने पकडून देणाऱ्याला दहा डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली. टेनेसीतल्या ग्रीनव्हिल गावात त्यांनी स्वतःचे दुकान थाटले आणि एलायझा मॅकार्डल हिच्याशी लग्न केले. लिहिण्यात त्यांचा हात बसला तो तिच्यामुळे. पुढे राजकारणात चढत गेले, तरी आपले कपडे आपण शिवत होतो याचा अभिमान त्यांनी कधी सोडला नाही. बड्या जमीनदारांचा त्यांना मनस्वी राग होता. १८६१मध्ये दक्षिणेतली राज्ये संघराज्यातून फुटली, तेव्हा फुटलेल्या राज्यांच्या सिनेटरांपैकी जागा न सोडणारे हे एकटेच. लिंकननी १८६४च्या निवडणुकीत या दक्षिणी डेमोक्रॅटाला उपाध्यक्षपदासाठी बरोबर घेतले, ते या निष्ठेपायी.

शपथविधीची सुरुवातच वाईट झाली. ४ मार्च १८६५ रोजी जॉन्सन आजारातून उठून आले होते, धीर यावा म्हणून व्हिस्की घेतली आणि ती बेतापेक्षा जास्त झाली. भर सभागृहात त्यांनी असे काही असंबद्ध भाषण ठोकले की लोकांनी माना खाली घातल्या. त्यानंतर सहाच आठवड्यांनी लिंकनना गोळी लागली. त्या रात्री जॉन्सनना मारायचे काम जॉर्ज अ‍ॅट्झरॉट नावाच्या माणसाकडे होते. त्याचा धीर सुटला. शिंपी अध्यक्ष झाला.

गुलामीतून सुटलेले सुमारे चाळीस लाख कृष्णवर्णीय तेव्हा नव्या आयुष्याच्या उंबरठ्यावर उभे होते. यादवी युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत जनरल शर्मन यांनी साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतची जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. लोकांनी पेरणीही केली होती. जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली आणि जमिनीही परत करायला लावल्या. १८६५च्या ऑक्टोबरात जनरल ऑलिव्हर हॉवर्ड त्याच किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर गेले, तिथल्या चर्चमध्ये त्यांनी या लोकांना गोळा केले आणि जमीन सोडावी लागेल, असे सांगितले. युद्धात उजवा हात गमावलेला हा अधिकारी स्वतःच त्या निर्णयाच्या विरोधात होता. हुकूम वॉशिंग्टनहून आला होता.

मग माफीपत्रांची रांगच लागली. ज्यांच्या नावाने जॉन्सन जन्मभर बोटे मोडत आले, तेच जमीनदार व्हाइट हाउसच्या पायऱ्या चढू लागले आणि शिंपी त्यांना उदार मनाने क्षमा करू लागला. हजारोंना अशी माफी मिळाली. (त्यांनी आर्जवे केली, यातच जॉन्सनना सगळे काही मिळाले असावे, असे वाटते.) मिसिसिपी, साउथ कॅरोलिना वगैरे राज्यांनी लगोलग काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. वर्षभराच्या मजुरीचा करार हाताशी नसेल तर भटका म्हणून अटक, दंड भरता आला नाही तर तो भरणाऱ्या गोऱ्याच्या शेतावर राबणूक. गुलामीचे नाव तेवढे गेले. १८६६च्या मेमध्ये मेम्फिसमध्ये तीन दिवस दंगल झाली, तीत ४६ कृष्णवर्णीय मारले गेले.

संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, रिपब्लिकन पक्षाचे भक्कम बहुमत होते. तिने नागरी हक्कांचा कायदा केला. जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. १८६६च्या एप्रिलमध्ये दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढण्यात आला. त्याच हक्कांना घटनेचे बळ देणारी चौदावी घटनादुरुस्ती आली. ती मंजूर करू नका, असे जॉन्सन दक्षिणेतल्या राज्यांना सांगत राहिले. त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ते रेल्वेने देशभर प्रचाराला निघाले. समोरच्या गर्दीतून कोणी डिवचले की अध्यक्षमहाशय तिथल्या तिथे भांडायला उभे. क्लीव्हलंडला कोणी ओरडले, बंडखोरांचा नेता जेफ डेव्हिसला फाशी द्या. यांचे उत्तर : थॅड स्टीव्हन्सला का देत नाही? स्टीव्हन्स हे काँग्रेसमधले जॉन्सन यांचे सगळ्यात कडवे विरोधक. निवडणुकीत रिपब्लिकनांना दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांशांच्याही वर जागा मिळाल्या.

आता गंमत अशी की या माणसाला काढण्याइतकी मते होती, राग होता, कारणही होते. नव्हता तो गुन्हा.

अमेरिकेच्या राज्यघटनेत महाभियोगाची जी तरतूद आहे, तिचा जन्म १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात झाला. अध्यक्षाला काढण्याची सोय घटनेत असावी का, यावरच तिथे आधी वाद झाला. म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी सोय असावीच, असे सांगताना जे कारण दिले ते त्यांनाच शोभणारे होते : अशी सोय नसते तेव्हा लोक नकोशा राज्यकर्त्याचा खून करतात, आणि मग बिचाऱ्याचा जीव जातो तो जातोच, वर आपली बाजू मांडायची संधीही जाते. पुढचा प्रश्न होता, काढायचे कशासाठी? मसुद्यात देशद्रोह आणि लाचखोरी एवढेच होते. ८ सप्टेंबरला व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली आणि एक नाव घेतले, जे मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचे आहे : वॉरन हेस्टिंग्ज.

हेस्टिंग्जवर त्या वेळी इंग्लंडमध्ये महाभियोग चालू झाला होता. एडमंड बर्क यांनी त्याच्यावर जे बावीस आरोप तयार केले, त्यांत बनारसचा राजा आणि अवधच्या बेगमा तर होत्याच, पण मराठ्यांशी केलेले युद्ध आणि तह हाही एक स्वतंत्र आरोप होता. वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली आणि सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला, तेच हे युद्ध. मेसन यांचा मुद्दा सरळ होता. हेस्टिंग्ज हा काही देशद्रोही नव्हे, आणि तरीही तो महाभियोगास पात्र ठरतोच. मग आपली व्याख्या इतकी तोकडी का? त्यांनी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. जेम्स मॅडिसन म्हणाले, इतका सैल शब्द घातलात तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवरच नांदेल. मेसन यांनी तो शब्द मागे घेतला आणि इंग्लंडच्या जुन्या कज्ज्यांतला एक शब्दप्रयोग पुढे केला : इतर मोठे गुन्हे आणि गैरवर्तन. तोच घटनेत आला. म्हणजे काय, हे मात्र कोणी सांगितले नाही. आजवर ते कुणी नक्की केलेले नाही.

रचना मात्र स्पष्ट आहे. महाभियोग झाला म्हणजे अध्यक्ष गेला, असा एक गैरसमज वर्तमानपत्रांत नेहमी दिसतो. तसे नाही. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने महाभियोग मंजूर करते, ते फक्त आरोपपत्र. खटला सिनेटपुढे चालतो. प्रतिनिधीगृहाचे निवडक सदस्य फिर्यादीचे वकील होतात, सिनेटर शपथ घेऊन पंच होतात, आणि आरोपी अध्यक्ष असेल तर अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसतात. एरवी सिनेटच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असतो, पण धनी गेला की खुर्ची ज्याला मिळायची त्यालाच न्यायाला कसे बसवणार? दोषी ठरवायला हजर सिनेटरांच्या दोन-तृतीयांश मतांची गरज. शिक्षा एकच : पद जाणे, आणि सिनेटने वेगळे ठरवले तर पुढेही पद भूषवण्यास बंदी. तुरुंग, दंड वगैरे हवे असेल तर नेहमीच्या कोर्टात जा.

या चौकटीत जॉन्सनना बसवायचे कसे? डिसेंबर १८६७मध्ये एकदा प्रयत्न झाला. प्रतिनिधीगृहानेच तो ५७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला. अध्यक्षाने कायद्यांना विरोध केला, पण विरोधाचा हक्क घटनेनेच दिलेला. माफी दिली, तीही घटनेनेच दिलेल्या अधिकारात. चाळीस लाख माणसांच्या आयुष्याची माती केली, यासाठी कलम कुठले लावणार?

कलम लावायची तजवीज आधीच झाली होती. मार्च १८६७मध्ये काँग्रेसने जॉन्सन यांचा नकार मोडून पदावधीचा एक कायदा केला. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीवाचून काढता येणार नाही, असे तो म्हणत होता. आणि त्यातच एक कलम होते : हा कायदा मोडणे म्हणजे ‘मोठे गैरवर्तन’. घटनेतल्या शब्दांचा सापळा करून तो दारात लावून ठेवला होता. दक्षिणेत सैन्याच्या देखरेखीखाली नवी सरकारे उभी करण्याचे कायदेही याच काळात झाले; सैन्य युद्धमंत्र्यांकडे, आणि मंत्रिमंडळात काँग्रेसच्या बाजूचे उरलेले एकटे स्टँटन. गंमत म्हणजे हा कायदा घटनाबाह्य आहे, असे जॉन्सनना मंत्रिमंडळात सांगणाऱ्यांत स्टँटनही होते. नकाराचा मसुदा करायला त्यांनी हातभारही लावला होता.

ऑगस्ट १८६७मध्ये जॉन्सन यांनी त्यांचा राजीनामा मागितला, मिळाला नाही. मग त्यांना निलंबित करून जागेवर जनरल ग्रँट यांना बसवले. जानेवारीत सिनेटने निलंबन नामंजूर केले आणि ग्रँट किल्ली देऊन मोकळे झाले. २१ फेब्रुवारीला जॉन्सन यांनी सरळ बडतर्फीचे पत्र काढले आणि ते थॉमस यांच्या हाती दिले. सापळ्यात पाय पडला, आणि तोही जाणूनबुजून. कायद्याची कोर्टात परीक्षा होऊन जाऊ दे, असा त्यांचा हिशेब होता.

२४ फेब्रुवारीला प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. दुसऱ्या दिवशी सिनेटला ही वर्दी द्यायला जे दोघे गेले, त्यांत थॅडियस स्टीव्हन्स होते. वय पंच्याहत्तर, एक पाय जन्मतः अधू, डोक्यावर टोप, अंगात ताकद नावाला. दोन जवान त्यांना खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणत. तुम्ही दोघे मेल्यावर मला कोण उचलणार, असे ते त्यांना म्हणत, अशी आख्यायिका आहे. काळ्यांना समान हक्क मिळावेत म्हणून हा माणूस आयुष्यभर झगडला होता. आरोपांची अकरा कलमे तयार झाली, तेव्हा हे काय शिजवले आहे ते सगळ्यात नीट त्यांनाच कळले. पहिली नऊ कलमे या ना त्या शब्दांत स्टँटन, थॉमस आणि सैन्याच्या हुकुमांविषयीच होती. दहावे होते भाषणांचे, म्हणजे अध्यक्षाने काँग्रेसची जाहीर निंदा केली. अकरावे स्टीव्हन्स यांनी स्वतः आग्रहाने घालायला लावले; त्यात सगळ्याची मोट बांधली होती. एडिस्टो बेट त्यात कुठेच नव्हते. मेम्फिसही नव्हते.

५ मार्चला सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी जागा घेतली. खरा खटला ३० मार्चला सुरू झाला. प्रेक्षकसज्जात बसायला तिकिटे छापावी लागली आणि ती मिळवायला राजधानीत झुंबड उडाली. जॉन्सन एकदाही आले नाहीत. वकिलांनी त्यांना मुद्दाम लांब ठेवले, आणि ते शहाणपणाचेच झाले. फिर्यादीची सुरुवात बेंजामिन बटलर यांनी केली. घोड्याच्या सौद्याचा खटला चालवावा तसा मी हा चालवीन, असे ते म्हणाले होते, आणि तसाच चालवला. तीन तास बोलले, कायद्याची पोथी उलगडली. ऐकणाऱ्याला वाटावे की देशापुढे एकच प्रश्न आहे, कुणाच्या सहीने कोणाला काढले.

बचावाला तर तेच हवे होते. बेंजामिन कर्टिस उभे राहिले. ड्रेड स्कॉट खटल्यात गुलामीच्या बाजूने गेलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला विरोधी निकालपत्र लिहिणारे हेच न्यायमूर्ती, म्हणजे त्यांच्यावर दक्षिणधार्जिणेपणाचा आळ घ्यायला वाव नव्हता. त्यांनी कायद्याचा मजकूर वाचून दाखवला. मंत्र्याला संरक्षण आहे ते, ज्या अध्यक्षाने नेमले त्याची मुदत संपेपर्यंत आणि पुढे एक महिना. स्टँटनना नेमले कोणी? १८६२ साली, लिंकननी. लिंकन कधी गेले? मग जॉन्सन यांनी कायदा मोडला कुठे? यावर फिर्यादीचे म्हणणे असे की मुदत लिंकनचीच चालू आहे, जॉन्सन तिच्यात फक्त बसले आहेत. आता मेलेल्या माणसाची मुदत चालू असते का, यावर देशातले मोठमोठे वकील दिवसेंदिवस घसा कोरडा करत होते.

मधूनच करमणूकही होई. फिर्यादीतले जॉर्ज बाउटवेल यांनी भाषणाच्या भरात आकाशाची उपमा काढली : दक्षिणेच्या आकाशात एक जागा आहे, तिथे तारा नाही की काही नाही, नुसती पोकळी, या अध्यक्षाला तिथे नेऊन टाकावे. बचावाचे विल्यम एव्हर्ट्स यांनी हे ऐकून ठेवले. आपल्या चार दिवसांच्या भाषणात त्यांनी तो विषय सावकाश काढला. ही जागा माहीत आहे ती एकट्या बाउटवेल यांनाच. तेव्हा अध्यक्षांना पाठुंगळी बांधून कॅपिटॉल या संसदभवनाच्या घुमटावर चढून तिथून उडी घेण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. सभागृह हसून हसून बेजार झाले. बाउटवेल यांची उपमा त्यांना जन्मभर पुरली.

पडद्याआड मात्र खटला वेगळाच चालला होता. जॉन्सन गेले तर अध्यक्ष कोण? उपाध्यक्ष नव्हता; तेव्हाच्या कायद्याने सिनेटचे हंगामी सभापती बेन वेड. ओहायोचे हे गृहस्थ जहाल, तोंडाचे फटकळ, वर स्त्रियांच्या मताधिकाराचे समर्थक. नेमस्त रिपब्लिकनांना जॉन्सन नकोसे होते, पण वेड त्याहून नकोसे. शिवाय वेड स्वतः या खटल्यात पंच होते, आणि त्यांनी मतही दिले. दुसरीकडे जॉन्सन यांच्या माणसांनी डोके शांत ठेवले. युद्धमंत्री म्हणून सर्वांना चालतील असे जनरल स्कोफिल्ड यांचे नाव पुढे केले गेले आणि अध्यक्ष आता दक्षिणेच्या कामात फार ढवळाढवळ करणार नाहीत, अशी खात्री काही सिनेटरांना मिळाली. पैशाच्याही गोष्टी कानावर येत होत्या.

आकडेमोड सोपी होती. राज्ये सत्तावीस, सिनेटर चौपन्न, दोषी ठरवायला छत्तीस मते. जॉन्सन यांच्या बाजूची बारा नक्की. म्हणजे सात रिपब्लिकन फुटले तर ते वाचणार. सहा फुटल्यात जमा होते. कॅन्सासचे एडमंड रॉस काही बोलत नव्हते.

रॉस पत्रकार आणि छापखानेवाले, युद्धात लढलेले, सिनेटमध्ये नवखे. त्यांच्या पाळतीवर माणसे असत. मतदानाआधी कॅन्सासहून तार आली : पुरावा आम्ही ऐकला आहे, दोषी ठरवा, सही डी. आर. अँथनी आणि आणखी एक हजारजण. (स्त्री-मताधिकाराच्या सुझन अँथनी या त्यांच्या सख्ख्या भगिनी.) रॉस यांनी उलट कळवले, मी असेच मत द्यावे अशी मागणी करण्याचा तुमचा अधिकार मी मानत नाही.

१६ मे १८६८, शनिवार. आधी अकराव्या कलमावर मत घ्यायचे ठरले, कारण त्याच्यावर जास्तीत जास्त मते जमतील असा अंदाज होता. आयोवाचे सिनेटर जेम्स ग्राइम्स यांना तीनच दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. त्यांना उचलून आणले. बसूनच मत दिले तरी चालेल, असे सरन्यायाधीश म्हणाले. ग्राइम्स धडपडत उभे राहिले आणि म्हणाले : दोषी नाही. सिनेटर आद्याक्षरांच्या क्रमाने बोलावले जात होते. रॉस आपल्या जागी बसून कागदाचे कपटे करत होते; मांडीवर, पायाशी कागदाचा सडा पडला होता. नाव आले. ते उठले. दोषी नाही.

शेवटची मोजणी : दोषी ३५, निर्दोष १९. एक मत कमी.

स्टीव्हन्सना खुर्चीतून बाहेर आणले, तेव्हा लोकांनी विचारले, काय झाले? देश चालला सैतानाच्या घरी, असे ते ओरडले, अशी नोंद आहे. व्हाइट हाउसमध्ये अंगरक्षक विल्यम क्रूक धावत बातमी घेऊन गेला, मग वरच्या मजल्यावर आजारी असलेल्या एलायझाबाईंना सांगायला. दहा दिवसांनी आणखी दोन कलमांवर मत घेतले. पुन्हा ३५ आणि १९, सिनेटरही तेच. मध्ये शिकागोला रिपब्लिकन पक्षाने ग्रँटना अध्यक्षपदाची उमेदवारी देऊन टाकली होती, त्यामुळे आता जॉन्सनना काढण्यात कोणाला फारसा रसही उरला नव्हता. २६ मे रोजी खटला बरखास्त झाला आणि त्याच दिवशी स्टँटन यांनी अखेर कचेरी सोडली. पुढे अध्यक्ष झाल्यावर ग्रँटनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. २० डिसेंबर १८६९ रोजी सिनेटने मान्यता दिली आणि चारच दिवसांनी, जागेवर बसण्याआधी, ते वारले.

बटलरना पराभव पचला नाही. मते विकली गेली म्हणून त्यांनी चौकशी लावली, तारा जप्त केल्या, साक्षीदाराला डांबले. शाबीत काही झाले नाही. रॉस ज्या घरी भाड्याने राहत, त्या घरची वीस वर्षांची मुलगी विनी रीम कॅपिटॉलमध्येच एका खोलीत लिंकनचा पुतळा घडवत होती. रॉस तिच्या नादाने फिरले, असा संशय घेऊन तिला खोली खाली करायला सांगण्यात आले. अध्यक्ष सुटला आणि राग निघाला तो एका शिल्पकार पोरीवर! तिचा पुतळा आजही कॅपिटॉलच्या घुमटाखाली उभा आहे.

रॉस यांना पुढे पुष्कळांनी हुतात्मा केले. जॉन केनेडी यांनी १९५६च्या आपल्या पुस्तकात धैर्याचा नमुना म्हणून त्यांना एक प्रकरणच दिले. नंतरच्या इतिहासकारांनी कागद चाळले, तेव्हा दिसले की मतदानानंतर काही दिवसांतच रॉस आपल्या माणसांना नोकऱ्या द्या म्हणून जॉन्सन यांच्याकडे पत्रे लिहीत होते आणि जॉन्सन त्या देतही होते. गरज पडली असती तर निर्दोष म्हणायला आणखी एक-दोन सिनेटर तयार होते, असाही एक तर्क आहे. खटल्याचा निकाल मात्र एका मताचा म्हणूनच लक्षात राहिला, आणि ज्या कायद्यावर तो उभा केला होता तो १८८७ साली रद्द झाला. १९२६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असा कायदा मुळात घटनेत बसतच नव्हता, असे म्हटले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॅफ्ट पूर्वी स्वतः अध्यक्ष होते.

१८६८च्या खटल्यानंतर शंभर वर्षे अध्यक्षांवरचा महाभियोग जवळजवळ अडगळीत पडला. निक्सन यांच्यावर न्यायसमितीने १९७४च्या जुलैत तीन कलमे मंजूर केली. पूर्ण सभागृहात मत व्हायच्या आतच, ९ ऑगस्टला, ते पदावरून पायउतार झाले. क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८मध्ये महाभियोग झाला. सिनेटमध्ये एका कलमावर मते पन्नास-पन्नास पडली. ट्रम्प यांच्यावर दोनदा झाला. पहिल्या वेळी मिट रॉमनी हे आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला दोषी म्हणणारे पहिले सिनेटर ठरले. दुसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२१मध्ये, दोषी ५७ आणि निर्दोष ४३ असा निकाल लागला, म्हणजे बहुमत असूनही सुटका. सिनेटने दोषी ठरवून काढलेला अध्यक्ष अजून एकही नाही. दर वेळी वकील १८६८ची जाडजूड कार्यवाही उघडतात आणि प्रश्न तिथलाच विचारतात : यात मोडलेला कायदा कोणता?

भारताच्या राज्यघटनेने ६१व्या कलमात राष्ट्रपतीवरच्या महाभियोगाला एकच कारण ठेवले आहे, घटनेचा भंग. एकचतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची सूचना आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मते लागतात. ते कलम अजून वापरावे लागलेले नाही.

खटल्यातून सुटलेल्या जॉन्सन यांनी अध्यक्षपदाचे उरलेले महिने पार पाडले. १८६८च्या नाताळच्या दिवशी त्यांनी उरल्यासुरल्या सगळ्या बंडखोरांना बिनशर्त माफी देऊन टाकली. ग्रीनव्हिलला परतले, निवडणुका लढवल्या, हरले, पुन्हा लढवल्या. १८७५ साली टेनेसीने त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवले. मार्चमध्ये ते त्याच सभागृहात शिरले, तेव्हा त्यांच्या मेजावर कोणीतरी फुले ठेवली होती. शपथ देण्यासाठी समोर उभे होते उपाध्यक्ष हेन्री विल्सन. सात वर्षांपूर्वी विल्सन मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होते आणि त्यांचे मत होते : दोषी. दोघांनी हात मिळवले.

महिना संपायच्या आत जॉन्सन बोलायला उभे राहिले. लुइझियानातले सरकार वाचवायला ग्रँट सैन्य वापरतात, याचा त्यांना संताप आला होता. दक्षिणेला तिचे पाहू द्या, सैन्य मागे घ्या, घटना काय म्हणते ते वाचा. वीस वर्षांच्या पोराच्या जोशाने ते बोलले. सिनेटमधले ते त्यांचे शेवटचे भाषण. जुलैअखेर ते वारले.